अखाजीची जीप

दीपनगरला माझ्या एका जुन्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. ते आटोपून आम्ही नवराबायको रिक्षाने भुसावळकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत रिक्षा पंक्चर झाली. रिक्षावाला चाक खोलत बसला, आमचे हे त्याला सल्ले देत बसले आणि मी सावली शोधत रस्त्याकडेच्या एका भंगारच्या आवारात शिरले. पत्र्यांचे ढीग, बंद पडलेले पाण्याचे पंप, कूलरच्या जाळ्या आणि सगळ्यांच्या मागे कुंपणाला टेकलेली एक जीप. चाकं नाहीत, हूड नाही, एक हेडलाइट फुटलेला आणि बॉनेटवर एक शेळी गाडी स्वतःच्या मालकीची असल्यासारखी बसलेली. गंज इतका की मूळचा रंग विचारायची सोय नव्हती.

शेळी उठेना, म्हणून मी मागच्या बाजूला गेले आणि तिथेच थबकले. मागून चढायच्या जागी, नंबरप्लेटच्या खाली, एक रुंद लोखंडी पट्टी रिबिटांनी बसवलेली होती. ती कारखान्यातून आलेली नव्हती. ती वखराची पास होती, शेतातलं तण कापायला वखराला खाली जे पातं असतं ते. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, ती गावच्या लोहाराकडून बसवून घेतली होती. नऊवारी नेसून आईला जीपमध्ये चढता येत नव्हतं आणि कुणी हात धरून चढवलेलं तिला आवडत नव्हतं. पुढे त्या पायरीवर पाय देऊन आईपेक्षा मीच जास्त वेळा चढले. बाकी सगळी जीप गंजून गेली होती, पण पासेचा मधला वीतभर भाग अजून गुळगुळीत होता. मी त्यावर हात ठेवला आणि मला रडूच कोसळलं.

ती आमची जीप होती. माझ्या धाकट्या भावाने सात वर्षांपूर्वी ती मला न विचारता विकून टाकली होती आणि तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोलले नव्हते.

भंगारवाल्याने जी किंमत सांगितली ती मी घासाघीस न करता कबूल केली. मेथीच्या जुडीवर दहा मिनिटं वाद घालणारी बाई ही, असं म्हणून आमचे हे अजूनही ती गोष्ट चारचौघांत सांगतात. त्या दिवशी मात्र ते फक्त एवढंच म्हणाले, "धुळ्यापर्यंत नेणार कशी? शेळीसकट?" दोन दिवसांनी एक ट्रक जीप घेऊन आमच्या दारात आला. शेळी आली नाही.

मी रागावले का होते हे कळायला आधी अखाजी कळायला हवी. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशात अखाजी म्हणतो. दिवाळीला एखादी लेक माहेरी गेली नाही तर चालतं, अखाजीला चालत नाही. आणि ती आपण होऊन जात नाही. माहेरचं माणूस तिला न्यायला येतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात आणि त्याच्या येण्याला मूळ येणं. मुऱ्हाळी आला की शेजारणींना कळतं, सासूला कळतं, बाईला स्वतःलाही कळतं की आपलं तिकडे कुणीतरी आहे. न बोलावता पिशवी भरून निघालेल्या लेकीला गावात काही कुणी हाकलून देत नाही, पण "आली का गं? कुणी आणलं?" हा प्रश्न येतोच आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

लग्न होऊन मी धुळ्याला आले त्या वर्षापासून माझा मुऱ्हाळी जीपमधून आला. आमचं गाव जळगावहून जामनेरला जाणाऱ्या रस्त्यावर. कापूस आणि केळी. पहिली काही वर्षं नाना यायचे आणि भाऊ शेजारी बसलेला असायचा. नाना गेल्यावर भाऊ एकटा यायचा. अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीनदा हॉर्न वाजायचा. तो मुद्दाम तीनदा वाजवायचा, सगळ्या गल्लीने खिडकीत यावं म्हणून. मग दारात येऊन, चहा न घेताच, "अक्का, भर पिशवी. ऊन व्हईन," म्हणायचा. माझी पिशवी तर आठ दिवस आधीपासून भरलेली असायची, तरी मी उगाच त्याला थांबवून घ्यायची. मी पायरीवर पाय द्यायची, तो आत बसूनच मागे न बघता विचारायचा, "चढली का?" आणि एरंडोलजवळ उसाच्या रसाला गाडी थांबायचीच. पारोळ्यापर्यंत आम्ही गप्पा मारायचो आणि एरंडोलनंतर भांडायचो, कारण तोवर आईच्या हद्दीत आल्यासारखं वाटायचं.

सात वर्षांपूर्वी अखाजीच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला. "अक्का, औंदा एसटीनं येऊन जाय ना वं."

मी म्हटलं, "का? घरात न्यायला यायला माणूस उरला नाही?"

तो म्हणाला, "तसं नाही, अक्का."

"तसंच आहे," मी म्हटलं. "आई असती तर तुझी हिंमत झाली असती का असा फोन करायची? मूळ आल्याशिवाय मी यायची नाही, या वर्षी नाही आणि कधीच नाही." आणि फोन ठेवला. अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी साडी बदलून खिडकीत बसले होते. बोललेलं त्याच्या मनाला लागेल, लाज वाटेल आणि येईल, असं मी धरून चालले होते. दुपारी दोनला मी साडी बदलली. महिनाभराने कुणाकडून तरी कळलं की जीप विकली. तेव्हा मला सगळा उलगडा झाला असं वाटलं. नानांची जीप विकली, बहिणीला विचारलं नाही, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून एसटीने ये म्हणतो. किती स्वच्छ हिशेब जमला होता माझा.

त्यानंतर एकदाच आम्ही समोरासमोर आलो, त्याच्या मुलीच्या लग्नात. पोरगी जळगावला पिंप्राळ्यात दिली. मी आहेर घेऊन गेले, पुढच्या खुर्चीवर बसले, आत्या म्हणून जे करायचं ते केलं आणि त्याच्याशी दोन वाक्यं बोलले. तो मांडवात सगळा वेळ खुर्चीवर बसून होता, पायात कॅनव्हासचे बूट. मुलीचा बाप, अक्षता टाकायला उठला तोही बूट घालून. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "बघितलंत ना, केळीला भाव मिळाला की माणसाच्या पायात बूट येतात ते? मांडवातही निघेनात." ते म्हणाले, "साखर आहे त्याला, काही दुखत असेल." मी म्हटलं, साखर कुणाला नाही? त्या वेळी ह्यांनी विषय वाढवला नाही आणि मला वाटलं मी जिंकले.

जीप दारात आल्यावर माझ्या डोक्यात एकच बेत होता. येत्या अखाजीला जीप चकाचक करायची, स्वतः चालवत गावी न्यायची, घरासमोर तीनदा हॉर्न वाजवायचा आणि भाऊ बाहेर आला की म्हणायचं, "तू आला नाहीस ना? मग मीच माझी मुऱ्हाळी होऊन आले. चढली का म्हणून विचार आता." गाडी मला येत होती. नानांनी आम्हा दोघांना एकाच उन्हाळ्यात शेतरस्त्यावर शिकवली होती. त्याने एक बांध फोडला होता, मी केळीचे दोन खांब आडवे केले होते. तो काय म्हणेल, कसा ओशाळेल, वहिनी तोंडाला पदर लावून कशी हसेल, हे सगळं मी मनात शंभरदा रंगवलं. राग होता, पण खरं सांगायचं तर मला माझा भाऊ परत हवा होता. तेवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप होता, आणि तेवढंच सरळ सांगायची मला लाज वाटत होती.

धुळ्यात जुन्या गाड्यांचं काम करणारा एक म्हातारा मिस्तरी मिळाला. त्याने जीपभोवती एक चक्कर मारली, फ्लोअरच्या पत्र्यात अंगठा घातला, तो आरपार गेला. "ताई," तो म्हणाला, "हाई गाडी नही, गंज शे."

"गंजाखाली गाडी आहे," मी म्हटलं.

इंजिन जाम झालं होतं. त्याने प्लग काढून त्या भोकांत डिझेल ओतलं आणि आठ दिवस तसंच मुरत ठेवलं. रोज येऊन तो हँडल लावून बघायचा, हलायचं नाही, मान हलवून निघून जायचा. नवव्या दिवशी हँडल तसूभर फिरलं तेव्हा त्याच्यापेक्षा मीच मोठ्याने ओरडले. मग एकेक गोष्ट निघत गेली. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पानं तुटलेली, टाकीत तळाशी खरवडून काढावा असा गंज, ब्रेकचे सिलिंडर गोठलेले, वायरिंग उंदरांनी नेलेलं. सगळं फ्लोअर नव्या पत्र्याचं केलं. पायरीला मात्र हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं. त्याने ती घासून स्वच्छही केली नाही, मी केली, माझ्या हाताने.

इथे माझ्या स्वभावाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यानेच बिघडवलं. मी धुळ्यात एका सरकारी कार्यालयाच्या भांडारात तीस वर्षं काढली. नट-बोल्ट, बेअरिंग, पंपाचे सुटे भाग, सगळं माझ्या ताब्यात असायचं. माझा एक नियम होता आणि तो अख्ख्या कार्यालयाला पाठ होता. अपुरी वस्तू माझ्या भांडारातून बाहेर जाणार नाही. पंपाला एक वॉशर कमी असला तरी पंप थांबायचा. साहेब चिडायचे, खाली माणसं खोळंबायची, मी ढिम्म. "पूर्ण झाल्यावर न्या," एवढंच माझं उत्तर. निवृत्तीच्या दिवशी या नियमाचं फार कौतुक झालं होतं.

पौष संपता संपता मिस्तरीने मला हाक मारली. जीप त्याच्या शेडमध्ये घुरघुरत उभी होती. हूड नव्हतं, रंग नव्हता, अंगभर नुसतं लाल रेड ऑक्साइड फासलेलं, मीटरच्या जागी भोक. पण इंजिन लागलं होतं. मी बसून आवारात दोन फेऱ्या मारल्या. स्टिअरिंग तसंच होतं, डावीकडे जरा ओढणारं.

"बठ्ठं काम व्हई गयं, ताई," तो म्हणाला. "ब्रेक बी चांगला शेतस. लई जा आते."

मी म्हटलं, "अशी नेऊ? लाल माकडासारखी? रंग राहिलाय, हूड राहिलंय, मीटर राहिलाय."

"रंग काय, मंग बी देता ई."

रंग मागाहून द्यायचं मी ऐकलं नाही. नानांच्या जीपचा रंग हिरवा होता, केळीच्या पोग्यासारखा, कोवळं पान अजून उलगडलेलं नसतं तेव्हा असतो तसा. मिस्तरीने तीन नमुने लावून दाखवले, मी तिन्ही नापास केले. जुना गोल मीटर मिळावा म्हणून मालेगावच्या जुन्या बाजारात चार खेपा घातल्या. आणि घाई कशाला? अखाजीला अजून तीन महिने होते. अखाजीच्या आधी जाण्यात काय मजा? मुऱ्हाळी काय माघात येतो?

माघातच वहिनीचा फोन आला. तिचा फोन वर्षातून एखादा, सणाचा. या वेळी सण नव्हता. "अक्का, हे लई आठवन काढतात तुमची. एक डाव येऊन जा ना."

मला आतून इतका आनंद झाला की मी तो लपवायला आवाज कडक केला. "मूळ आल्यावर येईन म्हणावं."

"ते नाही येऊ शकत, अक्का."

"येऊ शकत नाही की येत नाही?"

वहिनीच्या मागे कुणीतरी खोकल्याचा आवाज आला. तो तिथेच बसलेला असणार, फोनला कान लावून. मी अजून जरा मोठ्याने म्हटलं, "अखाजीला बघू काय ते," आणि हसत फोन ठेवला. मनात म्हटलं, बघशीलच बेट्या. तो खोकला मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी मी फोन त्याच्या हातात द्यायला सांगितलं नाही.

चैत्रात मीटर मिळाला. रंगही पटला. रंग द्यायचा म्हणून मिस्तरीने चारी चाकं काढली, जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवली, सीट बाहेर काढल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी भाचीचा फोन आला. ती रडत होती. "आत्या, बाबा गेले. झोपेतच गेले. आम्ही थांबतो तुमच्यासाठी."

ह्यांनी टॅक्सीसाठी दोन-तीन फोन केले, कुणी तासाभराने येतो म्हणाला, कुणी दुपारी. मला एक तास घरात बसवणार नव्हतं. रिक्षाने आम्ही स्टँडवर गेलो, जामनेरची बस फलाटावर लागलेली होती, चढलो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. रसाची गाडी रस्त्याकडेला होती तिथेच होती. मला एवढंच सुचत होतं की आपण एसटीने चाललो आहोत. येऊन जाय ना वं, म्हणाला होता. आज येत होते.

अंगणात त्याला ठेवलं होतं. किती वाळला होता तो. धाकट्या भावाच्या पाया पडत नाहीत, पण मी पायाशीच बसले, कारण उशाशी वहिनी होती. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या पायांचे अंगठे सुतळीने एकत्र बांधतात. मला दिसलं की सुतळी चादरीवरूनच, अंगठ्यांना नाही, वर घोट्यांना बांधली आहे. हे कुणाचं अडाणी काम, असं वाटून मी ती नीट करायला चादर जरा वर केली. अशा वेळीही मला ते सुचलं, तीस वर्षांची सवय. उजव्या पायाला अंगठा नव्हता. एकही बोट नव्हतं. पाऊल अर्ध्यातून कापलेलं होतं आणि ती जखम जुनी, भरलेली होती.

चादर मी परत घातली. मांडवातले बूट मला तेव्हा कळले.

बाकीचं वहिनीने नंतर सांगितलं, तेराव्यानंतर, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. साखरेने त्याच्या पायातली जाणीव गेली होती. "ब्रेकावर पाय हाये का नाही, हे त्यायले खाली पाहून समजे, अक्का. एक दिवस मी फाटकात उभी व्हती अन् गाडी थांबलीच नाही. मी बाजूले उडी मारली." तो खाली उतरला, पायरीवर बसून राहिला आणि त्याच आठवड्यात जीप विकली. मग कुठल्याशा खिळ्याने त्या पायाला जखम झाली, ती त्याला कळलीच नाही. आधी बोटं गेली, मग अर्धं पाऊल. जळगावच्या दवाखान्यात दोनदा, लेकीकडे पिंप्राळ्यात राहून. माझ्यापर्यंत ते पोचू द्यायचं नाही अशी त्याने सगळ्यांना शपथ घातली होती. गावात आमचं दुसरं कुणी उरलं नव्हतं आणि मी तर विचारतच नव्हते.

"पण का?" मी म्हटलं. "मला का नाही सांगायचं?"

"म्हने, अक्काचा मुऱ्हाळी लंगडा झाला, हे तिले कशाले सांगायचं? जीप नाही, पाय नाही. एसटीनं तिले न्यायले गेलो तर तिच्या गल्लीत तिले कसं वाटीन?"

मी म्हटलं, "मला काही वाटलं नसतं गं." आणि म्हणता म्हणताच मला कळलं की त्या वर्षी वाटलं असतं.

मग तिने ते सांगितलं जे मी विसरू शकत नाही. दर वर्षी अखाजीच्या आदल्या दिवशी तो गावच्या स्टँडवर जाऊन बसायचा. पाय होता तेव्हा चालत, नंतर काठी घेऊन, शेवटची दोन वर्षं शेजाऱ्याच्या रिक्षातून. धुळ्याहून येणारी पहिली बस ते शेवटची बस. निंबाखालच्या ओट्यावर. वहिनी दुपारी भाकरी पाठवायची. "मी म्हने, त्या येनार नाहीत, कायले ऊन खाता? तर म्हनत, अक्का बोलते तसं करत नाही. राग उतरला की येईन."

सात अखाज्या मी धुळ्यात खिडकीत बसून जीपची वाट पाहिली आणि सातही अखाज्या तो निंबाखाली बसून एसटीची. दोघांनाही एकमेकांची इतकी खात्री होती.

धुळ्याला परत आल्यावर मी मिस्तरीकडे गेले. हिरव्या रंगाचा डबा फोडून ठेवलेला होता. मी म्हटलं, "रंग नको." त्याने का म्हणून विचारलं नाही. चाकं बसवली, सीट बसवल्या, मीटर बसवला आणि जीप आणून आमच्या दारात लावली. ती तशीच लाल आहे. गाडी चांगली चालते. माघातही चालत होती.

अखाजी आली. ज्या घरात माणूस गेलेला असतो तिथे त्या अखाजीला त्याच्या नावाची पहिली घागर भरतात. मातीची नवी घागर, पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. पितर त्या दिवशी जेवायला घरी येतात असं आम्ही मानतो. वहिनीचा फोन आला, "जावयाले पाठवते, गाडी घेऊन. तुमाले मूळ आलंच पाहिजे." मी नको म्हटलं. हे म्हणाले, दारात गाडी उभी आहे, चल, मी शेजारी बसतो, हळूहळू जाऊ. मी त्यांनाही नको म्हटलं. का ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी माझी पिशवी स्टँडपर्यंत आणून दिली आणि मला एकटीलाच बसमध्ये बसवलं.

आदल्या दिवशीच निघाले. डांगर धुळ्यातूनच घेतलं होतं, चांगलं पिकलेलं, मांडीवर ठेवलं की वास यायचा. शेजारच्या बाईने विचारलं, "माहेरी का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "एकट्याच? कोणी न्यायले नाही आलं?" मी म्हटलं, "तो तिकडे स्टँडवर येतो." तोंडातून निघून गेलं ते.

गावच्या स्टँडवर मी एकटीच उतरले. निंबाखाली ओटा होता, बुटका, कडा झिजलेला. मी त्यावर बसले. घर तिथून दहा मिनिटांवर आहे, वहिनी वाट पाहत असणार हे मला माहीत होतं, पण धुळ्याहून पुढची बस येईपर्यंत बसायचं ठरवलं. ऊन फार होतं. तासाभराने बस आली आणि ओट्यासमोर उभी राहिली.

तिथे बसल्यावर समजलं की ओटा इतका खाली आहे की उतरणाऱ्या माणसाचं तोंड लगेच दिसत नाही. आधी दाराच्या पायरीवर त्याचा पाय दिसतो. एक म्हातारा उतरला. एक पोरगी उतरली, पैंजण घातलेली. मग चपलेतला एक बाईचा पाय, साडीच्या निऱ्यांची कड हाताने जरा उचललेली, आणि मला एकदम माझ्या भावाचा जीव कसा वर-खाली झाला असेल ते कळलं. ती बाई खाली उतरली, दुसरीच कुणीतरी होती. बस गेली.

मी डांगर उचललं, पिशवी खांद्याला लावली आणि घराकडे चालू लागले.